सात नंबर अंड्यावर आहे

१

आर्व्हल सग्ज थापाड्या होता, हे पहिल्यालाच सांगून टाकू, म्हणजे शेवटी कुणी भांडायला यायला नको. अलाबामाच्या त्या मुलखात पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहिले की मागच्या बाकावरनं रानटर्कीचा, म्हणजे त्या मोराएवढ्या रानकोंबडीचा, नर आरवायचा. सगळं चर्च वळून बघायचं, तर आर्व्हल आपला डोळे मिटून देवाशी बोलतोय. एकदा ओढ्याकाठच्या चिखलात हातभर लांबीचे कोंबडीचे पाय उमटवून त्यानं दोघा पेपरवाल्यांना तीन दिवस रानात हिंडवलं होतं. वय एकाहत्तर, दात मोजके, अक्कल भरपूर पण वाकडी.

असल्या माणसाला डॉक्टर लोर्ना पेटवे बाईंनी कामावर घेतलं, कारण टर्कीला हाक मारावी तर त्यानंच. त्याच्याकडं स्वतः तासलेली वीतभर लाकडी पेटी होती, वर सैल झाकण. झाकणाला खडू लावून पेटीच्या कडेवर घासलं की हुबेहूब मादी बोलायची. क्याव, क्याव, क्याव. तिसरा सूर मधेच तुटायचा, कारण झाकणाला एक चीर होती. साऱ्या मुलखात तसा सूर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

बाईंचं काम असं. टॉलिव्हरांचं तीनशे एकर रान. पूर्वी तिथं लांब सुयांचे पाइन होते, खाली गवत, गवतात टर्की. मग पन्नास वर्षं कुणी आग लावली नाही. झुडपं माजली, गवत मेलं, टर्की निघून गेल्या. बाईंनी तीन वर्षं झुडपं तोडली, थंडीत बेताबेतानं आग फिरवली आणि काळ्या भुईतनं गवत परत वर काढलं. आता टर्की परत येऊन इथं अंडी घालतायत का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी नऊ माद्या जाळ्यात धरून त्यांच्या पाठीवर दप्तरासारखी एकेक डबी बांधलेली. डबी आपली जागा बाईंच्या संगणकाला कळवते आणि टकटकही करते, ती माणसानं अँटेना धरून ऐकायची. पाखरू हलतंय तोवर टकटक सावकाश. डबी निपचित पडली की दुप्पट घाईनं.

रानाची मालकीण जूनमध्ये ठरवणार होती. जळक्या रानात एका तरी मादीनं पिल्लं काढली तर रान राहील. नाहीतर नांगर फिरवून, कागदाच्या कारखान्यासाठी ओळीनं झाडं. आर्व्हल त्या रानाच्या कडेला जन्मला होता. ओळीनं लावलेल्या झाडांत टर्की तर सोडाच, वारासुद्धा धड बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

नऊपैकी एकटी सात नंबर जळक्या रानात अंड्यावर बसली होती. बारा अंडी, एकविसावा दिवस. अठ्ठाविसाव्याला पिल्लं निघतात.

एरवी आर्व्हल सकाळी ऐकायचा, त्या दिवशी मात्र भर दुपारी त्यानं ट्रकच्या टपावर कोपरं टेकली, अँटेना फिरवली. सात नंबर घरट्याजवळच्या खोलगटातनं, बरोबर. मग दोन नंबर लावला. दोन नंबरनं खरं तर ओढ्यापलीकडं असायला हवं होतं. तीसुद्धा खोलगटातनं. चार नंबर, खोलगटातनं. नऊ नंबर तर चार मैल लांबची. खोलगटातनं.

त्यानं अँटेनाला एक टपली मारली. परत ऐकलं. बाकीच्या आठही जणी, एका दिशेनं, सावकाश, जिवंत.

"अँटेना बिघडली," तो स्वतःशीच बोलला आणि डबा उघडला. पण सँडविच काही गिळवेना.

२

"मका टाकलात ना?" लोर्नाबाईंनी विचारलं.

"कुठं?"

"मिस्टर आर्व्हल, मी लहान नाही. हे बघा."

बाईंच्या टेबलावर नकाशा होता, त्यावर आठ रंगांचे ठिपके. रोज बारा ते एक, आठही रंग एका जागी. रुपयाएवढी जागा. सात नंबरच्या घरट्यापासनं दोनशे पावलांवर. सहा दिवस झाले होते.

"मालकिणीला जास्त टर्की दिसाव्यात म्हणून तुम्ही दाणे टाकता आहात. रान वाचवायचं म्हणून. मन चांगलं आहे तुमचं. पण हे असं बाहेर कळलं तर माझी तीन वर्षं पाण्यात आणि रान नांगराखाली. शपथेवर सांगा, टाकलेत का?"

"आईची शपथ, नाही."

"चिखलातल्या पावलांच्या वेळी कुणाची घेतली होती?"

"तेव्हा सासूची घेतली होती," आर्व्हल म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

"ऐका. परत एक खोडी, एकच, आणि तुमचं काम संपलं. आणि घरट्याकडं फिरकायचं नाही. ती उठून गेली तर परत बसायची नाही."

घरी येऊन त्यानं मेव्हिसला सांगितलं. बायको मक्याचं पीठ चाळत होती.

"नसेल टाकलास," ती म्हणाली, "पण टाकला असतास तर असाच चेहरा केला असतास."

आर्व्हल चिडला. आणि चिडलेला थापाड्या काय करतो? दुसऱ्यावर संशय घेतो. ही पेटवेबाई हुशार आहे, त्याला वाटलं. फेब्रुवारीत आपण तिच्या खोक्यात साप ठेवला होता, रबराचा. ती फेडतेय. ठिपके काय, कुणीही काढील.

३

दुसऱ्या दिवशी तो बघायला गेला. घरट्याला लांबून वळसा घालून, खोलगटाच्या वरच्या अंगानं.

दाणा नव्हता. एकही नाही. भुई काळी, तिच्यातनं बोटबोट हिरवं वर आलेलं, मागं वाळक्या पानांचा पट्टा. आणि मधे एक गोल. मुद्दाम आखलेला नव्हता. नुसतं पाखरांच्या विष्ठेचं कडं, आठ-दहा पावलं रुंद. आत काही नाही. आर्व्हल गुडघ्यावर बसला. टर्की म्हणजे जगातली चंचल जात. दोन पावलं टाकील, नखरे करील, पाय मारून पाचोळा उधळील. इथं कुणी भुई उकरलीच नव्हती. राखेत तीन बोटांचे ठसे उमटले होते, सगळे आतल्या बाजूला तोंड करून. येऊन उभ्या राहिल्या होत्या. तासभर. आणि काही खाल्लं नव्हतं.

तेवढ्यात उतारावरनं साद आली. क्याव, क्याव, आणि तिसरा सूर मधेच तुटला.

आर्व्हलचा हात खिशाकडं गेला. पेटी खिशातच होती, आपोआप वाजू नये म्हणून झाकणाला रबर लावलेलं.

"अच्छा," तो मोठ्यानं म्हणाला, "बाई, लई शिकलात की. आता बाहेर या."

कुणी आलं नाही. झाडाला बाईंनी अडकवलेलं यंत्र होतं, नर किती वेळा आरवतात ते टिपायला. त्यातनंच वाजवलं असणार. त्यानं ते खाली काढून उलटंपालटं केलं. कान होता त्याला. तोंड नव्हतं.

टर्की मारणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. साद आली तर तिच्याकडं जायचं नाही, पलीकडं दुसरा शिकारी असू शकतो. आपण बसायचं आणि दुसऱ्याला यायला लावायचं. साठ वर्षं आर्व्हलनं हा नियम पाळला होता. आज मात्र आपण आपल्याच सादेच्या रोखानं वीस पावलं चालून गेलोय, हे थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तो माघारी फिरला. यंत्र बगलेत मारून.

४

बाईंचं ऑफिस म्हणजे जुनं बियाण्याचं कोठार. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, एक पंखा. दोघं टेबलाशी बसले आणि यंत्रात टिपलेलं ऐकू लागले.

आधी पाचोळ्यात पावलं. टर्कीची पावलं आणि माणसाची पावलं पाचोळ्यात एकसारखी वाजतात, त्यावरनं फसून कित्येकांनी मित्रावर बंदूक रोखलीय. पावलं चालत आली, थांबली. मग साद.

"तुम्हीच आहात हे," बाई म्हणाल्या.

"वेळ बघा."

"मंगळवार. बारा पाच."

"मंगळवारी बारा पाचला मी कुठं होतो?"

बाईंनी तारीख परत वाचली. मंगळवारी तो याच खुर्चीत बसून त्यांचं टोमॅटोचं सँडविच खात होता, आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रारसुद्धा करत होता.

"मग आधी टिपून ठेवलंत आणि तिथं वाजवलंत," त्या म्हणाल्या. पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"बाई, पहिल्या दिवसाचं लावा. अगदी पहिलं."

पहिल्या दिवशीची साद म्हणजे नुसतं लाकूड करकरल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी दोन सूर, दुसरा घाईत. तिसऱ्या दिवशी तीन, पण मधली जागा चुकलेली. आर्व्हलनं अर्ध्या मुलखाला पेटी वाजवायला शिकवलं होतं. नवशिका कुठं अडखळतो, कुठं झाकण जास्त दाबतो, हे तो झोपेत सांगेल. पाचव्या दिवशी तीनही सूर जागेवर होते. आणि सहाव्या दिवशी त्या तिसऱ्या सुरात ती चीर आली. चिरेशिवाय साद चांगली झाली होती. तरी मुद्दाम चीर घातली होती.

"कुणीतरी शिकतंय," तो म्हणाला.

"कोण?"

आर्व्हलला मार्च आठवला. माद्या धरायच्या होत्या तेव्हा तो रोज सकाळी त्या खोलगटाच्या वर बसायचा. पाखरं लांब, आग नुकतीच विझलेली, रान रिकामं. तरी हौस म्हणून तो तासन्‌तास पेटी घासायचा. त्याचा बाप म्हणायचा, समोर कोण आहे ते ठाऊक नसताना जास्त बोलवू नये. शिकारी याचा अर्थ नर बुजतो असा घेतात. आर्व्हलही तसाच घेत आला होता.

सादेनंतर यंत्रात काहीच नव्हतं. किडा नाही, पाखरू नाही, पंचावन्न मिनिटं. मग एकदम रान परत बोलायला लागलं. मधे कुणाची जाणारी पावलं वाजली नव्हती.

बाईंनी यंत्र बंद केलं. "खोडी चांगली जमवलीत हं," त्या म्हणाल्या. मग खिडकी लावून घेतली, एवढ्या उकाड्यात.

५

सव्विसाव्या दिवशी बाई मालकिणीला भेटायला माँटगोमरीला गेल्या. जाताना बजावून गेल्या, "सात नंबर अंड्यावर आहे. तुम्ही रस्त्यावरनं ऐकायचं. रस्ता सोडायचा नाही."

बाराला दहा कमी असताना आर्व्हलनं अँटेना उचलली. सात नंबर, सावकाश. टक, टक, टक.

मग टकटक दुप्पट झाली.

म्हणजे निपचित. आणि तेवढ्यात ती परत सावकाश झाली. जिवंत. पाच मिनिटांनी परत घाईची. परत सावकाश. त्यानं आधी बॅटरीला शिव्या घातल्या, मग वायर तपासली, मग दोन्ही सोडून नुसता ऐकत राहिला. कुणीतरी एखादी वस्तू उचलून बघावी, खाली ठेवावी, परत उचलावी, तसं चाललं होतं. आणि आवाजाची दिशा सरकत होती. घरट्यापासनं गोलाकडं.

त्यानं फोन लावला.

"सात नंबर उठली. तिला ते न्यायला लागलंय."

"ते म्हणजे?"

"मला काय माहीत."

"मिस्टर आर्व्हल," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी मालकिणीच्या दिवाणखान्यात बसलेय. त्या समोर आहेत. तुम्ही आज हे करू नका. हात जोडते."

"अंडी तासाभरात गार पडतील, बाई."

"रस्ता सोडलात तर परत येऊ नका," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानं फोन खिशात टाकला. आयुष्यभर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून तो खोटं बोलला, आणि लोकांनी भरभरून ठेवला. आज खरं बोलला होता.

त्यानं रस्ता सोडला.

६

भर दुपार. सावल्या पायाखाली. खोलगटाच्या वर एक जाड पाइन होता, त्याला पाठ लावून आर्व्हल बसला, शिकारी बसतो तसा, गुडघे वर.

आठही जणी गोलावर उभ्या होत्या, माना ताठ, तोंडं आत. नववी, सात नंबर, चालत येत होती. दोन पावलं टाकायची, थांबायची.

टर्कीची नजर अशी, की माणसाची पापणी हलली तरी शंभर पावलांवरनं उडेल. आर्व्हल सरळ उभा राहिला. टोपी काढून हलवली. एकीचीही मान वळली नाही. त्यापेक्षा त्या उडाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

गोलाच्या मधे एक जळकं खोड होतं. आर्व्हल आगीच्या वेळी हजर होता, या उतारावरचं प्रत्येक खोड त्याच्या ओळखीचं. हे त्यातलं नव्हतं. बसलेल्या माणसाएवढं उंच, कोळशासारखं काळं. आणि त्याला दोन गुडघे असल्यासारखे वर आले होते.

त्यातनं साद आली. सात नंबरनं अजून दोन पावलं टाकली.

आर्व्हल खाली बसला, खडू लावला आणि पेटी घासली. आधी सूर घसरला. मग त्यानं डोळे मिटले आणि बापानं शिकवलेली, कुणालाही न शिकवलेली बारीक साद काढली. आई पिल्लांना पंखाखाली बोलावते ती. पुन्हा. पुन्हा. डोळे उघडले तेव्हा सात नंबर थांबली होती. मग तिनं अंग झटकलं, झोपेतनं उठल्यागत, आणि तुरुतुरु घरट्याकडं निघाली. बाकीच्या आठही चार दिशांना पांगल्या.

गोल रिकामा होता. पूर्ण रिकामा. मधे खोडही नव्हतं.

मग डाव्या हाताला, पाचोळ्यात, पावलं वाजली.

टर्की असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. एकसारखंच वाजतं. बोलावलं की येतं, इतकंच. तो दगडासारखा बसला, शिकारी बसतो तसा, नजर बुटांवर. पावलं वळसा घालून मागं गेली. जुना बेरकी नर असाच मागनं येतो. ती झाडाशी थांबली. आणि मग पाइनच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी पाठ टेकली. झाड त्याच्या पाठीशी किंचित हललं, भार पडल्यावर हलतं तसं.

ओल्या राखेचा वास आला. कानाजवळ, हलक्या आवाजात, आत्ताचीच ती बारीक साद वाजली. पहिल्याच खेपेला चोख.

मग शांतता. शिष्य गुरूकडं बघतो तशी. आता तुम्ही.

आर्व्हलला समजलं. तो गप्प बसला तर ते परत सात नंबरला बोलावणार. अजून दोन दिवस होते.

त्यानं उत्तर दिलं.

७

दोन दुपारी तो बारा ते एक तिथं बसला. कुणाला बोलला नाही. मेव्हिस म्हणाली, "तुझ्या सदऱ्याला मागं काळं काय लागलंय?" तो म्हणाला, "झाड." ती म्हणाली, "झाडाला बरगड्या कधीपासनं आल्या?" आणि सदरा धुवायला टाकला नाही, चुलीत टाकला.

तिसऱ्या दुपारी, पाऊण वाजता, लोर्नाबाई वरनं चालत आल्या. आर्व्हलला त्यांची पावलं आधी ऐकू आली. मग त्या समोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात, कपाळाला घाम.

"ट्रक दिसला तुमचा," त्या म्हणाल्या. "तीन दिवस दिसतोय, लोक सांगतात."

"होय."

"सात नंबर सकाळी निघाली. ठिपका घरट्यातनं बाहेर पडला, हळूहळू, थांबत थांबत. पिल्लं घेऊन चाललेली मादी अशीच चालते. मी घरटं बघून आले. बारापैकी दहा फुटलीयत. मालकिणीला फोन केला. रान राहतंय." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. मग आवाज कडक झाला. "आणि तरी तुम्हाला मी काढून टाकतेय. घरट्यापासनं दोनशे पावलांवर तीन दिवस पेटी वाजवत बसलात. नशीब म्हणून निभावलं. का केलंत?"

"खोडी केली," आर्व्हल म्हणाला. "सवय आहे. मका मीच टाकला. यंत्रातलं सगळं माझंच. लिहून घ्या."

बाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. त्याची मान हलत नव्हती. हात मात्र झाकणावर होता, तयार.

"मका नव्हता तिथं. मी पाहिलं आत्ता," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर जरा बाजूला गेली, पाइनच्या पलीकडं. कपाळाला आठी पडली. "आणि हे कोण? आणखी एकाला घेऊन बसलात? आग लावणाऱ्यांपैकी आहेत का? केवढे काळे झालेत कोळशानं. अहो, तुम्ही, तोंड इकडं करा की."

"बाई," आर्व्हल अगदी हळू म्हणाला. "बघू नका तिकडं. चालू लागा. पळू नका. ट्रकमध्ये बसा आणि काचा वर करा."

एरवी त्या शपथेवर सांगा म्हणाल्या असत्या. त्यांनी तोंड उघडलंही. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे चर्चमध्ये कुणी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. वळल्या आणि निघाल्या.

आर्व्हल ऐकत राहिला. पाचोळ्यात त्यांची पावलं. दहा. वीस. चढ लागला, वेग वाढला.

त्याच्या पाठीमागं झाड सरळ झालं. पलीकडचा भार उठला होता.

मग पाचोळ्यात दुसरी पावलं वाजायला लागली, त्याच चढाच्या दिशेनं, त्याच वेगानं. टर्की असेल, असं यावेळी तो स्वतःला म्हणाला नाही. त्यानं पेटी छातीशी धरली, झाकण कडेला लावलं आणि आयुष्यात कुणाला बोलावलं नसेल इतक्या मायेनं त्याला बोलावलं.

चढावरची पावलं थांबली. एकाची.